पक्की वही, कच्ची वही

 आमच्यात 'सलाम' म्हणतात, म्हणून सलाम.

गेले काही दिवस इथे बेगम बाजारच्या आठवणी निघताहेत. कुणी भांड्यांच्या गल्लीबद्दल लिहिलं, कुणी सुक्यामेव्याच्या दुकानांबद्दल. परवा एका ताईंनी विचारलं, "तिथे एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहायचं ना? वडील पेढीवर हिशेब लिहायचे?" ते कुटुंब आमचं. त्याखाली दुसऱ्या एकांनी लिहिलं, "हो हो, फार मवाळ ख्रिश्चन होते. अगदी आपल्यासारखेच."

वाचून बरं वाटलं आणि थोडं टोचलंही. चांगल्या मनानं लिहिलंय, माहीत आहे. पण बाबा 'आपल्यासारखेच' होते का? आणि मवाळ म्हणजे नेमके काय होते? माझ्या सख्ख्या भावानं हाच प्रश्न त्यांच्या मयतीच्या रात्री विचारला होता, फार वेगळ्या सुरात. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज वय झालंय, जरा निवांतपणे सांगते. लांबलंय, सांभाळून घ्या.

निजाम अलीखानांच्या हमदा बेगमेनं ही जागा व्यापाऱ्यांना दिली म्हणून बेगम बाजार, हे इथल्या सगळ्यांना ठाऊकच आहे. आमचं घर फीलखान्याच्या बाजूला. खाली किराण्याचं गोदाम, मधल्या मजल्यावर आम्ही, वर नांदेडकडच्या काकू. त्यांचे यजमान मराठी शाळेत शिक्षक. मिरचीची पोती उतरली की तिन्ही मजले एकदम शिंकायचे. त्यात जातधर्म काही नव्हता.

आजोबा जालन्याजवळच्या बेथेलचे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. 1843 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. जमीन दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. म्हणजे मुसलमान दिवाणानं दिलेल्या जमिनीवर ब्राह्मण ख्रिस्त्यानं वसवलेलं गाव, आणि राहायला आली बरीचशी आमच्यासारखी गावकुसाबाहेरची माणसं. मनमाडच्या मीटरगेजनं आजोबा काचीगुड्याला उतरले आणि उस्मानिया दवाखान्यात कंपाउंडर झाले. 1908 च्या मुसीच्या पुरात त्या आवारातल्या ज्या चिंचेवर चढून माणसं वाचली, ते झाड ते बाबांना दाखवायचे. बेगम बाजारात खोल्या मिळाल्या त्याही त्यांच्या औषधाच्या पिशवीमुळे. घरमालकाच्या मुलाचा टायफॉइड त्यांनी रात्र रात्र बसून काढला होता. एरवी आमचं मूळ कळल्यावर खोली मिळणं त्या काळी सोपं नव्हतं.

बाबा मोठे झाल्यावर त्याच बाजारात एका मारवाडी पेढीवर हिशेबनीस लागले. पेढीवर वह्या दोन. कच्च्या वहीत दिवसभर येईल ते टिपायचं. तिथे खाडाखोड चालते. रात्री सगळं ताडून पाहायचं आणि खात्रीचं तेवढं पक्क्या वहीत उतरवायचं. तिथे खाडाखोड नाही.

मी नववीत होते. शाळेत पृथ्वीचं वय शिकवलं आणि रविवारी शब्बाथशाळेत सहा दिवसांची उत्पत्ती. घरी येऊन विचारलं, "बाबा, खरं कोणतं?" बाबा म्हणाले, "मतांगीकार म्हण बघू."

मतांगीकार म्हणजे आम्ही उपासनेत उभं राहून म्हणतो ती श्रद्धेची कबुली. देव निर्माणकर्ता, ख्रिस्त जन्मला, वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, न्याय करायला येणार, पापांची क्षमा, शरीराचं पुनरुत्थान. मी घडाघडा म्हणून दाखवलं.

"यात पृथ्वीचं वय आलं?"

"नाही."

"मग ते कच्च्या वहीत ठेव. तपासत राहा. शाळेतलंही, शब्बाथशाळेतलंही."

बाबांचं सगळं धर्मशास्त्र यात आलं. पक्क्या वहीतल्या नोंदी थोड्या, पण तिथे ते तसूभर हलायचे नाहीत. बाप्तिस्म्याला पाणी किती, जगाचा शेवट कधी, वरच्या काकूंचं मरणानंतर काय, हे कच्च्या वहीत. "न्याय करायला तो येणार, एवढंच लिहिलंय," ते म्हणायचे. "निकालपत्र आपण टाइप करून ठेवायचं, असं कुठे आहे?"

आता प्रसादाची गोष्ट.

श्रावणात काकूंकडे सत्यनारायण असायचा. संध्याकाळी पितळी वाटीतून शिरा यायचा, वर केळ्याचा काप आणि तुळशीचं पान. बाबा हात जोडून वाटी घ्यायचे, प्रार्थना करायचे आणि खायचे. मूर्तीला वाहिलेलं अन्न ख्रिस्ती माणसानं खावं की नाही, हा प्रश्न करिंथच्या मंडळीत पहिल्याच शतकात उठला होता. पौलानं पहिल्या पत्रात त्यावर सविस्तर लिहिलंय. सांगायचं तर असं, की अन्नानं कुणी देवाजवळ जात नाही नि दूरही जात नाही, पण तुझ्या खाण्यानं दुसऱ्याच्या मनाला इजा होत असेल तर खाऊ नकोस.

म्हणून आजी घरात असली की बाबा शिरा खायचे नाहीत. वाटी झाकून ठेवायचे.

आजी प्रसादाला कधीच शिवली नाही. मला तेव्हा ती कडक आणि जुन्या वळणाची वाटायची. शेवटच्या आजारपणात तिनं एकदा सांगितलं. लहानपणी, तिच्या घरानं बाप्तिस्मा घेण्याआधी, गावात प्रसाद मिळायचा तो लांबून. पदर पसरून उभं राहायचं, वरून टाकायचे. हात लागता कामा नये. कधी पदरात पडायचा, कधी मातीत. "मातीतला उचलून खाल्लाय मी," ती म्हणाली. "प्रभूच्या मेजावर पहिल्यांदा भाकर हातात ठेवली ना, त्या माणसाची बोटं लागली मला."

तिचं ते 'नको' त्या एका वाक्यात मला समजलं. मवाळ माणसांना एक खोड असते. कडक माणसाकडे जरा वरून बघायचं, 'यांना काही कळत नाही' असं. आजीमुळे माझी ती खोड मोडली, म्हणजे बरीचशी मोडली. आणि हेही सांगते, न खाणारी आजी काकूंची वाटी कधी रिकामी परत करायची नाही. साखर, लिंबं, काहीतरी घालूनच द्यायची.

काकूही सगळं खात नव्हत्या. आमच्याकडचं रांधलेलं त्यांना चालायचं नाही, निदान पहिली बरीच वर्षं. नाताळात आई त्यांच्यासाठी नारळ, फळं आणि साजूक तुपातल्या करंज्या वेगळ्या ठेवायची. करंज्या त्या 'मुलांना देते' म्हणून घ्यायच्या. पुढे कधीतरी स्वतःही खाऊ लागल्या. कोणी ठराव केला नाही. दोन्हीकडच्या कच्च्या वह्यांत हळूहळू दुरुस्त्या होत गेल्या.

पण पक्की वही पक्कीच. दिवाळीला पेढीवर वहीपूजन. शेठजी नव्या वहीवर श्री काढायचे, आरती व्हायची. बाबा मागे उभे राहायचे, डोकं झुकवून, शांत. आरतीचं तबक मात्र त्यांनी कधी हातात घेतलं नाही. नव्या मुनीमानं एकदा विचारलं, "कायकू नै लेते?" शेठजीच म्हणाले, "उनकू रहने दो." आणि नव्या वहीतली पहिली नोंद दरवर्षी बाबांच्याच हातानं व्हायची. बाबा मला नामानाची गोष्ट सांगायचे. अरामाच्या या सेनापतीनं इस्राएलाच्या देवाला मानलं, पण धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळात जाणं त्याला चुकणार नव्हतं. त्यानं अलीशा संदेष्ट्याला विचारलं, मी काय करू? अलीशानं त्याला दम दिला नाही. शांतीनं निरोप दिला.

काकूंचे यजमान मोठ्या प्रेमानं म्हणायचे, "काय हो, शेवटी सगळे देव एकच ना!" बाबा हसायचे आणि म्हणायचे, "सर, तसं मी म्हणत नाही. मी ख्रिस्ताचा आहे. तुमच्या देवाबद्दल वेडंवाकडं बोलायचं मला कारण नाही, एवढंच." म्हणून म्हणते, अगदी आपल्यासारखे नव्हते हो ते. वेगळे होते, आणि एकाच जिन्यावरून जात-येत होते.

ही बाबांची एकट्याची युक्ती नव्हती. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत हा जुना रस्ता आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मभगिनी म्हणतील ते सगळं डोळे मिटून मानायला साफ नकार दिला. त्याच रमाबाई पुढे इतक्या उत्कट झाल्या की केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठं धार्मिक संजीवन झालं, आणि सगळं बायबल त्यांनी स्वतः मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणलं. त्यांना मवाळ म्हणा की कडक, कुठल्याच खणात त्या बसत नाहीत. रेव्हरंड टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. ख्रिस्त मात्र मधोमध, तिथे तडजोड नाही. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे ते घर तुमच्यापैकी अनेकांना आपलंच वाटतं. आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर दिब्रिटो. आपल्या जुन्या निजाम राज्यातलं गाव, आणि अध्यक्ष एक ख्रिस्ती धर्मगुरू. मी टीव्हीपुढे बसून रडले. बाबा हवे होते.

आता कठीण भाग.

माझा धाकटा भाऊ 1990 नंतर नोकरी गेल्यावर दारूला लागला. आम्ही ज्या मंडळीत जायचो तिथले लोक सज्जन, शिकलेले. कोणी दोन वर्षांत दार वाजवलं नाही. रविवारी विचारायचे, "कसा आहे आता?" आणि उत्तर ऐकायच्या आत चहाकडे वळायचे. शेवटी त्याला उचललं ते एका नव्या, कडक सहवासातल्या माणसांनी. रात्र रात्र त्याच्याजवळ बसले. उलट्या काढल्या. त्याची दारू सुटली, ती आजतागायत सुटलेली आहे. हे मी कधी विसरत नाही, आणि कुणी त्या लोकांची टिंगल केली तर मला राग येतो. कोमट असणं आणि मवाळ असणं यातला फरक आम्ही विसरलो होतो. किंमत त्यानं भरली.

पण त्या सहवासात सगळंच पक्क्या वहीत होतं. पाण्यात पूर्ण बुडून घेतला तोच बाप्तिस्मा. प्रसाद म्हणजे सैतानाचं अन्न. त्या श्रावणात काकू स्वतः वाटी घेऊन खाली आल्या. गुडघे दुखत असताना. भावानं दारातच सांगितलं, "हे सैतानाचं आहे, आमच्या घरात नको." काकू काही बोलल्या नाहीत. वाटीवर पदर घेतला आणि कठड्याला धरून वर गेल्या.

पुढच्या वर्षी वाटी आली नाही. बाबा तेव्हा मधुमेहानं थकले होते. तरी एकेक पायरी चढून वर गेले. मी मागे. दारात उभं राहून म्हणाले, "वहिनी, यंदा वाटी आली नाही."

काकू म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या घरात भांडण नको म्हणून."

"भांडण आमचं आहे, वाटी तुमची आहे," बाबा म्हणाले. तिथेच उंबऱ्याशी उभं राहून प्रार्थना केली आणि दोन चमचे शिरा खाल्ला. साखर वाढली ती वाढलीच.

भाऊ म्हणाला, "आजी तरी कुठे खायची?" बाबा म्हणाले, "आजी खायची नाही. तिनं कधी वाटी परतही पाठवली नाही."

एकदा भाऊ एका प्रचारकांना घेऊन आला. ते म्हणाले, विश्वास ठेवा आणि औषधं सोडा. बाबांनी डोक्यावर हात ठेवून घेतला, पूर्ण प्रार्थना ऐकली, मनापासून आमेन म्हटलं. मग मला हाक मारली, "बाळ, आता माझी इन्सुलिनची सुई दे." कंपाउंडरचा मुलगा. लूक वैद्य होता हे तो कसा विसरेल?

2004 च्या पावसाळ्यात बाबा गेले. रात्री आम्ही त्यांच्याजवळ बसलो होतो. भाऊ रडत होता, आणि रडता रडता म्हणाला, "ताई, बाबांचं तारण झालं असेल का गं? तान्हेपणी नुसते थेंब शिंपडलेले. आणि तो प्रसाद..." मला इतका राग आला की शब्द फुटेना. पण तो कुजकटपणे बोलत नव्हता. तो खरोखर घाबरला होता. ज्या वहीत सगळंच पक्कं, तिथे एक नोंद चुकली की सगळा माणूसच बुडीत खात्यात.

माझा मुलगा तेव्हा पुण्याहून आला होता. फार वाचलेला. मला धीर द्यायला म्हणाला, "आई, पुनरुत्थान वगैरे प्रतीकं आहेत. आजोबा आपल्या आठवणीत आहेत ना, तेच अमरत्व." त्याच्याही मनात प्रेमच होतं. पण मी बाबांच्या पायांकडे बघत होते. जिना चढून सुजायचे ते पाय. मला त्यांची आठवण नको होती. मला बाबा हवे होते. माझ्या आठवणीला आता वयापरत्वे भोकं पडताहेत. बाबा तेवढ्यावरच जगणार असतील तर अवघड आहे.

त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की मवाळ असणं म्हणजे दोघांच्या मधलं अंतर मोजून अर्ध्यावर उभं राहणं नव्हे. मनात मतांगीकार म्हटला. 'शरीराचं पुनरुत्थान' इथे थांबले. ती नोंद पक्क्या वहीत होती आणि मला तिचीच गरज होती. बाबांनी काय खाल्लं, किती पाण्यात बाप्तिस्मा झाला, हे तिथे नव्हतं. पापांची क्षमा होती.

नंतर भावाला मी एक गोष्ट सांगितली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि मोठ्यांनाच देणारे बॅप्टिस्टही. त्यांनी दोन्ही पद्धती ठेवल्या. ज्या प्रश्नावर युरोपात एकेकाळी माणसं मारली गेली, तो आपल्या लोकांनी नागपुरात कच्च्या वहीत ठेवला आणि एका मेजावर जेवायला बसले. भाऊ म्हणाला, "चुकलं त्यांचं." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "पण बसले, हे बरं झालं."

दफनाला काकू आल्या. त्यांच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. फाटकापाशी थांबल्या. आम्ही कबरीत मूठ मूठ माती टाकत होतो. त्यांनी लांबूनच मला खुणेनं विचारलं, मी टाकू का? मी पुढे व्हायच्या आत भाऊ गेला. पावसानं चिखल झालेला. त्यानं त्यांचं कोपर धरलं आणि सांभाळून कबरीपाशी आणलं. काकूंनी माती टाकली, हात जोडले आणि पुटपुटल्या. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. भावाला ऐकू आलं असणार, तो शेजारीच होता. त्यानं काही म्हटलं नाही.

काकूही आता नाहीत. घर पाडून तिथे मोठं गोदाम झालंय. त्यांच्या सूनबाई कुकटपल्लीला राहतात, अजून श्रावणात वाटी पाठवतात. भाऊ प्रसाद खात नाही. पण वाटी घ्यायला तोच जातो स्कूटरवरून, आणि परत देताना तिच्यात काहीतरी घालतो. मागच्या वर्षी अंजीर होते, बेगम बाजारातूनच आणलेले. मुलगा नाताळात येतो. मतांगीकाराच्या वेळी उभा राहतो, काही ओळींना गप्प बसतो. मी बघते, बोलत नाही. त्याची कच्ची वही अजून चालू आहे.

ज्यांनी 'मवाळ' लिहिलं त्यांच्यावर राग नाही बरं का. तुमच्याकडे त्या जिन्याचे किंवा काकूंच्या यजमानांच्या वर्गाचे फोटो असतील तर जरूर टाका. आमच्याकडे एकच आहे, त्यात बाबांचा अर्धा चेहरा कापला गेलाय.

सलाम.